परत येणे हाही प्रवेशच असतो : क्रूझसाठी जमवलेल्या कागदांची हकिकत

नागपूर हे झिरो माइलचे शहर आहे. इथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर राहतो आणि आमच्यापैकी बहुतेकांचा जलप्रवास अंबाझरीच्या नावेत सुरू होऊन तिथेच संपतो. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये आम्ही घरातील पाच जण सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जाऊन आलो तेव्हापासून धरमपेठेतील आमच्या घरी येणारा प्रत्येक जण आधी जहाजावरील जेवणाची चौकशी करतो आणि निघताना, चपला घालता घालता, विचारतो : "क्रूझला पासपोर्ट लागतोच का हो?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही, हे सांगायला लागलो की समोरच्याला घाई असते. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या काळात लोकांकडून केवायसीचे कागद मागणे, आधारवरील नाव आणि पासबुकावरील नाव यांतील एका वेलांटीवरून अर्ज परत करणे आणि त्याबद्दल शिव्या खाणे, हेच माझे मुख्य काम होऊन बसले होते. क्रूझच्या निमित्ताने मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो आणि तेव्हा जे शिकलो ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पहिला अनुभव देशांतर्गत क्रूझचा. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही मुंबई ते गोवा असे जहाजाने गेलो होतो. जहाज भारतीय बंदरातून निघून भारतीय बंदरातच थांबणार असेल आणि प्रवासी भारतीय नागरिक असेल, तर पासपोर्ट लागत नाही; सरकारने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही चालेल, असे आमच्या तिकिटासोबतच्या सूचनांत लिहिले होते. त्या यादीत पॅन कार्ड नव्हते आणि वर्ध्याहून आलेले आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, नेमके पॅन कार्डच खिशात घालून निघाले होते, कारण त्यांच्या मते आयकर खात्याने ओळखलेल्या माणसाला आणखी कोणी ओळखण्याची गरज नव्हती. विदर्भ एक्स्प्रेस इगतपुरीच्या पुढे घाटात असताना हा शोध लागला. सुदैवाने ताईच्या पर्समध्ये दोघांची आधार कार्डे होती. संसारात एकाने तरी कागद सांभाळणारे असावे लागते, हे मला त्या सकाळी पुन्हा पटले.

लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. लक्षद्वीप भारतातच आहे आणि तिथे पासपोर्ट लागत नाही, तरी बेटांवर पाय ठेवण्यासाठी मूळ रहिवासी नसलेल्या भारतीयालाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. हे बंधन १९६७ च्या नियमांपासून चालत आले आहे. क्रूझच्या तिकिटात परवान्याची सोय असली, तरी त्यासाठीची माहिती आणि ओळखपत्राची प्रत वेळेत पाठवण्याची जबाबदारी आपलीच राहते.

गोव्याहून परतल्यावर आईने जाहीर केले की तिला 'खरे' जहाज पाहायचे आहे, म्हणजे परदेशी जाणारे. आईचे वय तेव्हा पंचाहत्तरच्या घरात होते आणि तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. पुढचे पाच-सहा महिने आमच्या घरात जे चालले होते, त्याला प्रवासाची तयारी म्हणण्यापेक्षा आईच्या चरित्राचे संशोधन म्हणणे योग्य ठरेल.

अडचण नावापासून सुरू झाली. आमच्याकडे पूर्वी लग्नात तांदळावर अंगठीने मुलीचे नवे नाव लिहीत आणि त्या दिवसापासून तिचे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव ही तिन्ही बदलत. आईचा शाळा सोडल्याचा दाखला आर्वीचा, माहेरच्या नावाचा. वडिलांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सासरच्या नावाने. आधारवर सासरचे नाव, परंतु जन्मतारखेच्या जागी केवळ वर्ष छापलेले, कारण सुरुवातीच्या काळात ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता त्यांच्या कार्डावर तेवढेच येत असे. पॅन कार्डावर एक जुलै ही तारीख होती, जी वडिलांनी कधी काळी अंदाजाने लिहिली असावी. आमच्या पिढीपर्यंत निम्म्या महाराष्ट्राचा जन्म जून-जुलैत, शाळा उघडण्याच्या सुमारास झालेला आहे. दाखल्यावर मात्र फेब्रुवारीतील एक तारीख होती आणि ती खरी असावी, कारण आईला तिच्या जन्माच्या वेळी महाशिवरात्र जवळ आल्याचे तिच्या आईने सांगितल्याचे आठवत होते.

बँकेत असताना अशी फाइल समोर आली असती तर मी ती निर्विकारपणे परत केली असती. आता त्याच फाइलच्या मागे मला धावायचे होते. आम्ही क्रम ठरवला : आधी राजपत्रात नावबदलाची नोंद, म्हणजे माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे सांगणारा एक सरकारी कागद हाती येईल, मग त्या आधारे दाखल्यावरील तारीख आधारवर, मग पॅनवर, आणि तिन्ही कागद एक बोलू लागल्यावरच पासपोर्टचा अर्ज. लग्नाच्या नोंदणीचा दाखला नाही याची मला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण आई-वडिलांचे लग्न ज्या काळात झाले तेव्हा लग्नपत्रिका हाच दाखला असे. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले तेव्हापासून विवाहित अर्जदाराला तो जोडावा लागत नाही. अर्जात 'आपण पूर्वी अन्य नावाने ओळखले जात होता का' असा प्रश्न येतो. तिथे लाजून 'नाही' म्हणू नये. खरे उत्तर लिहिले आणि त्याचा कागद जोडला की ते उत्तर आपल्या विरोधात जात नाही, लपवले तर जाते.

छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क दीड हजार रुपये आहे आणि साठ वर्षांवरील नव्या अर्जदाराला त्यात दहा टक्के सूट मिळते, म्हणून आईचे तेराशे पन्नास लागले. या सवलतीचा तिला क्रूझपेक्षा अधिक आनंद झाला. पासपोर्ट सेवा केंद्रात छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात. धुणीभांडी करून झिजलेल्या तिच्या बोटांचे ठसे उमटेनात तेव्हा तिथल्या मुलीने तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन हळूहळू दाबून ते घेतले, हे नमूद करायला हवे. आई दहावी झालेली नाही, त्यामुळे तिच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणी आवश्यक असल्याचा शेरा येईल, अशी भीती शेजाऱ्यांनी घातली होती. तो शेरा नोकरीसाठी ठराविक देशांत जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी असतो आणि पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीला लागत नाही. या सर्व धावपळीत तिचे एकच पालुपद होते : "एवढे कागद कायले लागते बापा, मी काय तिथं राहायले चालली का?"

पासपोर्ट घरी आला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला एक छोटी सोनेरी खूण होती. तो चिप बसवलेला ई-पासपोर्ट होता. देशात या पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ रोजी ज्या दोन कार्यालयांतून झाली त्यांत भुवनेश्वरबरोबर नागपूर होते, ही गोष्ट आमच्या शहरातही फारशी कोणाला ठाऊक नाही. म्हणजे घरातील सर्वांत आधुनिक पासपोर्ट सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचा आणि आमचे सगळे जुने.

नातवंडांना नेण्याचा विचार असणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्म-मृत्यू निबंधकाने किंवा महानगरपालिकेसारख्या अधिकृत यंत्रणेने दिलेला जन्मदाखलाच चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना जे सात-आठ पर्याय आहेत ते या मुलांना नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विमानप्रवासात आपण एका देशात उतरतो, राहतो आणि परततो. एक प्रवेश, एक निर्गमन. क्रूझ ज्या बंदरातून निघते तिथेच बहुधा परत येते आणि त्यामुळे आपल्याला वाटते की आपण एका मोठ्या हॉटेलात चार दिवस राहून आलो. कागदाच्या भाषेत तसे नसते. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरमधून जहाजावर चढताना आपण सिंगापूर सोडतो, मलेशियातील पेनांगला उतरलो तर मलेशियात प्रवेश करतो आणि तीन रात्रींनंतर त्याच धक्क्यावर उतरताना आपण सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो. पाण्यावर सीमेची पाटी नसते, चेकपोस्ट नसतो, जहाज एकदाही थांबून कोणाला विचारत नाही; तरी हिशेब चुकत नाही.

हे मला आधी ठाऊक नव्हते. सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना अधिकृत एजंटांमार्फत मिळतो आणि तो कागदावर छापून घेण्याचा ई-व्हिसा असतो. आम्ही सीताबर्डीच्या एका स्टुडिओत पाच जणांचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो काढले, अर्ज भरले आणि दोन आठवड्यांत पाच व्हिसे आले. मी सवयीने पाचही कागद टेबलावर ओळीने मांडून एकेक रकाना वाचू लागलो, तेव्हा चार कागदांवर अनेक प्रवेशांची मुभा होती आणि भाटव्यांच्या कागदावर एकाच प्रवेशाची. व्हिसा काढून देणाऱ्या गृहस्थांना फोन केला तर ते म्हणाले, "काका, सिंगापूरलाच तर जायचे आहे, एक एंट्री पुरते की." पुरली नसती. भाटवे सिंगापूरला विमानाने उतरले असते तिथेच त्यांचा एकमेव प्रवेश संपला असता आणि जहाजाच्या काउंटरवर त्यांना तिथल्या तिथे थांबवले असते, कारण ज्या प्रवाशाला परतीच्या बंदरात उतरता येणार नाही त्याला कोणतीही जहाज कंपनी चढू देत नाही. पुन्हा अर्ज केला, पुन्हा शुल्क भरले, निघण्याच्या आठ दिवस आधी दुरुस्त व्हिसा आला.

दुसऱ्या प्रवेशाचा आणखी एक झटका पासपोर्टच्या मुदतीत बसला. सिंगापूर प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागते. माझ्या पत्नीचा पासपोर्ट ९ जुलै २०२५ रोजी संपणार होता आणि आम्ही ६ जानेवारीला सिंगापूरला उतरणार होतो. म्हणजे सहा महिने आणि वर तीन दिवस, असे मी बोटे मोजून सांगितले होते. परंतु जहाज परतणार होते १० जानेवारीला. त्या दिवसापासून सहा महिने मोजले तर १० जुलै येते आणि पासपोर्ट एक दिवस आधी संपतो. एका दिवसाने कोण अडवतो, असे भाटव्यांचे म्हणणे होते. पण मी स्वतः आयुष्यभर एका दिवसावरून माणसे अडवली होती. पासपोर्टची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पुस्तिकेसाठी अर्ज करता येतो, तो केला. जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून तो परत देतात; त्यात एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर तो टाकून देऊ नये. अमेरिकेचा व्हिसा, उदाहरणार्थ, जुन्या पुस्तिकेतही वैध राहतो आणि तेव्हा दोन्ही पुस्तिका बरोबर न्याव्या लागतात.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश दिला आहे, म्हणून पेनांग आणि पोर्ट क्लँगसाठी वेगळा व्हिसा लागला नाही. अशा सवलती मुदतीच्या असतात. तिकीट काढताना चौकशी केली असली तरी निघण्यापूर्वी ती पुन्हा करावी. आणि 'आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही, जहाजावरच बसू' हे उत्तर सहसा चालत नाही, मार्गावरील प्रत्येक देशाची पूर्तता चढण्यापूर्वीच पाहिली जाते. सिंगापूरचे आगमन कार्डही ऑनलाइन आणि विनामूल्य असते, आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि आम्ही ते दोनदा भरले : एकदा मुंबईहून निघताना, एकदा जहाजावरून. कारण पुन्हा तेच.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ह्यूस्टनला असतो. आमचे व्हिसापुराण ऐकून तो फोनवर हसला आणि म्हणाला की त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांना गॅल्व्हेस्टनहून क्रूझला जाताना पासपोर्टही लागत नाही. ते खरे आहे. अमेरिकेच्या समुद्र आणि रस्त्याच्या सीमांवर १ जून २००९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, जी क्रूझ अमेरिकेच्या एका बंदरातून निघून मेक्सिको किंवा कॅरिबियनसारख्या जवळच्या भागात फिरून त्याच बंदरात परतते, तिच्यावरील अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी छायाचित्र ओळखपत्र एवढ्यावर परत येता येते. सोळा वर्षांखालील मुलाला तर केवळ जन्मदाखला पुरतो. पण ही सवलत जहाजाला नाही, नागरिकत्वाला आहे. भाच्याची तिथे जन्मलेली लेक जन्मदाखल्यावर जाऊ शकते, तिच्याच शेजारच्या खाटेवर झोपणारे तिचे आई-वडील मात्र भारतीय पासपोर्टखेरीज जाऊ शकत नाहीत.

त्यातही त्याची अडचण आणखी नाजूक होती. त्याच्या एच-वन-बी कामाच्या परवानगीची मुदत वाढलेली होती, पण पासपोर्टमधील व्हिसाचा शिक्का संपलेला होता. अशा माणसाला केवळ मेक्सिको किंवा कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन आल्यास, आय-९४ हा आगमनाचा कागद चालू असेल आणि त्याने बाहेर नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल तर, संपलेल्या शिक्क्यावर परत घेतले जाते. त्याच्यासमोर एकाच दिवशी निघणाऱ्या दोन सहली होत्या : एक मेक्सिकोतील कोझुमेलला जाणारी, दुसरी कोझुमेलबरोबर होंडुरासमधील रोआतान बेटावर जाणारी. दुसरी थोडी स्वस्त होती. होंडुरास हा अमेरिकेला लागून असलेला देश नाही, म्हणून त्या एका थांब्याने तो स्वतःच्या घरी परतण्याचा हक्क गमावून बसला असता. त्याने पहिली घेतली, मेक्सिकोत उतरण्याचे नियम वेगळे तपासले आणि मामाचा सल्ला मानून लेकीचाही अमेरिकन पासपोर्ट काढून घेतला. जहाज चुकले किंवा कोणी आजारी पडून मधल्या बंदरात उतरावे लागले, तर पुढचा प्रवास विमानाने होतो आणि विमानाने अमेरिकेत परतायला जन्मदाखला चालत नाही.

युरोपचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी गेलेलो नाही. परंतु शेजारच्या देशपांडे दांपत्याची ग्रीसची फाइल मीच तपासून दिली. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्या व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. अथेन्सजवळील बंदरातून निघालेले जहाज मध्ये तुर्कस्तानात थांबले तर आपण शेंगेनबाहेर गेलो, आणि ग्रीसच्या पुढच्या बेटावर आपला दुसरा प्रवेश होतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याच किनाऱ्यावरील मॉन्टेनेग्रो नाही. नकाशा समोर ठेवून एकेका थांब्यापुढे 'आत' किंवा 'बाहेर' असे पेन्सिलीने लिहावे; प्रवेश आपोआप मोजले जातात. दुबईहून निघून ओमानला शिवून परतणाऱ्या जहाजालाही हीच पद्धत लागू पडते.

आमच्या जहाजावर चढताना घडलेला प्रसंग सांगायचा राहिला. काउंटरवरील तरुणाने पाचही पासपोर्ट तपासले, आमचे फोटो काढले, प्रत्येकाला खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि उधारीचे खाते असे तिन्ही काम करणारे एक कार्ड दिले आणि पासपोर्ट मात्र ठेवून घेतले. पुढच्या बंदरातील अधिकाऱ्यांना ते एकत्र दाखवता यावेत म्हणून काही मार्गांवर ते जहाजाच्या ताब्यात राहतात. आईने तो पासपोर्ट कापडी बटव्यात, बटवा कमरेला, असा नागपूरपासून आणला होता. तिने तो द्यायला साफ नकार दिला. मागे रांग वाढली. शेवटी मी तिला सांगितले की लॉकरमध्ये दागिने ठेवल्यासारखेच हे आहे, तेव्हा तिने विचारले, "मग पावती दे म्हणा." त्या तरुणाने खरोखरच पावती दिली. पेनांगच्या स्वेटनहॅम धक्क्यावर आम्ही उतरलो ते ते कार्ड आणि मी नागपुरातच धंतोलीच्या दुकानातून काढून आणलेली पासपोर्टची झेरॉक्स घेऊन. या झेरॉक्सचे महत्त्व कोणी कमी लेखू नये, कारण परदेशात पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार आणि भारतीय दूतावासात अर्ज या दोन्ही ठिकाणी जुन्या पासपोर्टचा क्रमांक विचारतात. आणि दूतावास तातडीने जे आपत्कालीन प्रमाणपत्र देतो त्यावर केवळ भारतात परत येता येते, सुटलेले जहाज पुढच्या बंदरात गाठता येत नाही.

घरी परतल्यावर आईने शेजारणींना बोलावून पासपोर्ट उघडला. सिंगापूरने २०२० च्या डिसेंबरपासून शाईचे शिक्के बंद केले आहेत, त्यामुळे दोनदा प्रवेश करूनही त्याचा एकही ठसा नव्हता; जहाजावरील प्रवाशांचे काम एकगठ्ठा झाल्याने मलेशियाचाही नव्हता. होते ते मुंबई विमानतळाचे दोन शिक्के, एक जाण्याचा, एक येण्याचा. "पाह्य," आई म्हणाली, "एवढे फिरून आलो न् शिक्के मुंबईचेच." आता तिला असे जहाज हवे आहे जिथे शिक्का मारतात.